बोली चालू असताना

१

मिस्त्री गेला त्या सकाळी त्याच्या गाडीवरची बोली वाढली.

लिलावाच्या साइटवरच्या बाईंनी मला हे फोनवर सांगितलं. सांगताना त्यांना लाज वाटत होती, पण सांगणं भाग होतं. "काका, गाडीत माणूस मेल्याची बातमी फुटलीय. लोक मागे हटायच्या ऐवजी चेकाळलेत. आम्ही लिलाव थांबवलाय. तुम्ही जाऊन गाडी बघून या. विकायची की काढून टाकायची, ते तुमच्या रिपोर्टवर ठरवू."

माझं काम तेच. ऑनलाइन लिलावात गाडी घेणाऱ्याला गाडीला हात लावून बघता येत नाही. त्याच्या वतीने मी बघतो. रंग कुठे पुन्हा मारलाय, खाली गंज किती, मूळ गाडीत काय काय बदललंय, ते लिहून देतो. बायको गेल्यापासून मी हे काम सोडलं होतं. बाईंनी मध्ये विचारून पाहिलं, मी नाही म्हणालो. या वेळी हो म्हणालो, कारण मिस्त्री माझा जुना माणूस होता.

त्याचं गॅरेज म्हणजे एक मोठं अंगण आणि मागे पत्र्याची लांब शेड. जुन्या गाड्या घ्यायच्या, उघड्या करायच्या, इंजिन, सस्पेन्शन, चाकं बदलून नव्यासारख्या करायच्या आणि लिलावात टाकायच्या, हा त्याचा धंदा. शेडच्या शटरचं कुलूप आतूनही लागायचं. त्या सकाळी रंगाऱ्याने आपल्या किल्लीने ते उघडून शटर वर केलं तेव्हा शेड धुराने भरलेली होती. गाडीचं इंजिन चालू होतं. मिस्त्री ड्रायव्हरच्या सीटवर होता, मान एका बाजूला पडलेली. शेजारच्या सीटवर झोपेच्या गोळ्यांची रिकामी पट्टी.

पोलिसांच्या लेखी प्रकरण सरळ होतं. मिस्त्रीने आधी विकलेल्या गाडीचं मीटर मागे फिरवलेलं निघालं होतं. घेणाऱ्याने लिलावाच्या पानावर खाली कमेंट टाकली, मग बाकीचे तुटून पडले. चोर, लुच्चा, याला जगायचा हक्क नाही. ज्यांनी मिस्त्रीला कधी पाहिलंही नव्हतं ते लिहीत होते. मिस्त्री रोज ते वाचायचा. त्याची झोप उडाली होती. डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या. अशा माणसाने काय केलं असेल, ते वेगळं सांगायला नको, असं फौजदार मला म्हणाला.

अंगणात मिस्त्रीची बायको उभी होती. तिने माझी बाही धरली.

"काका, मला दुसरं काही नको. ते मला सोडून गेले का, एवढंच सांगा."

"वहिनी, मी गाडी तपासायला आलोय."

"मग गाडीला विचारा," ती म्हणाली.

२

पोलिसांनी किल्ली नेली होती, पण गाडी जागची हलवली नव्हती. जुनी दोन दरवाज्यांची गाडी, गडद हिरवी, जमिनीला टेकेल इतकी खाली घेतलेली. तोंड शटरकडे. शेडमधल्या बाकीच्या गाड्या ठोकळ्यांवर होत्या, इंजिनं बाहेर काढलेली. चालण्यासारखी ही एकच.

मी नेहमीच्या क्रमाने बघत गेलो. छप्पर, दरवाजे, बॉनेटखालचे सांधे. काम सुरेख होतं. कुठे लपवाछपवी नाही. मग टायर बघायला पुढे वाकलो आणि तसाच राहिलो.

पुढची दोन्ही चाकं उजवीकडे पूर्ण वळलेली होती.

बाहेरच्या माणसाला यात काही दिसणार नाही. मला दिसलं, कारण मिस्त्रीने यावरून माझा अनेकदा उद्धार केला होता. मी घाईत गाडी लावून आत यायचो आणि तो हातातला पाना टाकून ओरडायचा, "तपासनीस, ती बघा बिचारी! मान मोडून उभी केलीत. जा, सरळ करून या." आणि मी सरळ करेपर्यंत बोलायचा नाही. स्वतः गाडी लावली की स्टिअरिंग सरळ करायचं, उतरायचं, पुढे जाऊन बघायचं. गिऱ्हाइकाची असो की भंगारातली असो.

फौजदाराला सांगितलं तर तो म्हणाला, "मरायला निघालेला माणूस चाकं बघत बसतो का?"

हे मला त्याला पटवता आलं नाही, पण मला ठाऊक होतं. हॉस्पिटलने बायकोचा देह ताब्यात दिला त्या दिवशी मी घरी आलो तेव्हा गाडी लावली, हँडब्रेक ओढला, गिअरमध्ये टाकली, काचा वर केल्या, दार ओढून बघितलं. यातलं काहीही केल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी गाडीकडे गेलो तर सगळं जागच्या जागी. माणसाचं डोकं बंद पडतं, हात नाही पडत.

मिस्त्रीचे हात त्या रात्रीही मिस्त्रीचेच असणार.

म्हणजे ही गाडी इथे आणून लावणारा मिस्त्री नव्हता.

३

रंगारी माझ्यावरच उखडला.

"मी शटर उघडलं म्हणून मीच का? हो, भांडण होतं माझं. मिस्त्रीशी कोणाचं नव्हतं? रंग सुकायच्या आत बोट लावून बघायचा. वर म्हणायचा, अजून ओला आहे!" बोलता बोलता तो डबे इकडचे तिकडे करत राहिला.

"संध्याकाळी गाडी कुठे होती?"

"अंगणात. रिम मीच रंगवून आणल्या. दोघांनी मिळून बसवल्या. मग गाडी फाटकाजवळ उघड्यावर उभी केली. सकाळी कोल्ड स्टार्ट होता ना."

लिलावात ही एक अटच असते. रात्रभर थंड पडलेलं इंजिन सकाळी पहिल्यांदा सुरू करायचं आणि त्याचा व्हिडिओ टाकायचा. थंड इंजिन लपवाछपवी करू देत नाही. पहिल्या मिनिटात खडखड, धूर, जे असेल ते बाहेर पडतं. म्हणून आदल्या संध्याकाळनंतर गाडी सुरू करायची नाही.

"मिस्त्रीने किल्ली खिशात टाकली," रंगारी म्हणाला. "म्हणाला, आता सकाळपर्यंत हिला कोणी हात लावायचा नाही. आणि तो हिशोबाला आत बसला."

"शटरची किल्ली कोणाकोणाकडे?"

"मिस्त्रीकडे, माझ्याकडे आणि मेहुण्याकडे. पण मेहुणा दुपारीच गेला होता."

मेहुणा म्हणजे मिस्त्रीच्या बायकोचा धाकटा भाऊ. फोटो काढणं, माहिती लिहिणं, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणं, लिलावाचं सगळं काम त्याच्याकडे. मिस्त्रीला फक्त गाडी कळायची.

माझी गाडी रंगाऱ्याच्या टेम्पोच्या वाटेत होती. मी म्हणालो, जरा तूच बाजूला घे. त्याने घेतली, भिंतीला लावली, स्टिअरिंग सरळ केलं आणि उतरून चाकांकडे नजर टाकून आला. मिस्त्रीच्या हाताखाली शिकलेला माणूस.

"अजून एक सांगतो," तो म्हणाला. "मी निघालो तेव्हा एक गाडी आत शिरत होती. तो दातवाला, मीटरची कमेंट टाकणारा."

४

दातांच्या डॉक्टरने मला दवाखान्यात, रुग्णाच्या खुर्चीतच बसवलं. दुसरी खुर्ची नव्हती.

"गेलो होतो," तो म्हणाला. "लपवायचं काय त्यात? शिव्या घालायला गेलो होतो. माझी गाडी घेतली तेव्हा मीटरवर जेवढं होतं त्याच्या दुप्पट चाललेली निघाली. तुम्ही काय केलं असतं?"

"तो काय म्हणाला?"

"ऐकून घेतलं. कॉफी करायला निघाला, मी नको म्हणालो. मग म्हणाला, डॉक्टर, उद्या सकाळपर्यंत थांबा. कोल्ड स्टार्टचा व्हिडिओ पडला की त्याच्याखाली मी स्वतः लिहिणार आहे, मीटर कोणी फिरवलं ते. नावासकट. मला वाटलं, टोलवतोय." तो थोडा वेळ हातमोजे काढत राहिला. "सकाळी कळलं, मेला. तेव्हापासून मी कमेंटचं पान उघडलेलं नाही. माझ्यामुळे मेला का तो? तुम्ही त्याला ओळखत होता. सांगा ना."

हा दुसरा माणूस मला तोच प्रश्न विचारत होता. मी म्हणालो, "अजून माहीत नाही."

घरी येऊन मी डॉक्टरने पुन्हा विकायला काढलेल्या त्याच गाडीचं पान उघडलं. फोटो त्याने स्वतः काढले होते. कोणीतरी सांगितलं असणार की चाकं वळवून फोटो काढतात, म्हणून त्याने वळवली होती, पण उलट्या बाजूला. रिमच्या जागी नुसतं टायरचं रबर दिसत होतं. खाली कोणीतरी लिहिलं होतं, "डॉक्टर, गाडी विकताय की टायर?"

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो. आणि हसता हसता मला कळलं की शेडमधली चाकं कशासाठी वळली होती.

लिलावासाठी गाडीचा पहिला फोटो पुढून, कोपऱ्यातून काढतात. कॅमेरा गाडीच्या डाव्या कोपऱ्यासमोर असेल तर स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवायचं. मग पुढच्या चाकाची रिम कॅमेऱ्याकडे तोंड करते. रोज गाड्यांचे फोटो काढणाऱ्याला याचा विचार करावा लागत नाही. गाडी थांबली की हात आपोआप वळतो.

फोटो काढायचे नसले तरी वळत असेल का? हे एकदा बघायला हवं होतं.

५

माझ्या बायकोची छोटी गाडी ती गेल्यापासून रस्त्याच्या कडेला उभी होती. ती विकायची आहे, असा निरोप मी मेहुण्याला पाठवला. तो लगेच आला. पोरगा वाईट नव्हता. तिशीतला, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"काका, मन घट्ट करा. गाडी ठेवून माणूस परत येत नाही," तो म्हणाला.

"तुझी ताई कशी आहे?"

"जेवत नाही. सारखं एकच, ते मला सोडून गेले का. मी काय सांगू? गेले. ते तर दिसतंयच." त्याने नजर वळवली. "मी त्या दिवशी थांबायला हवं होतं. दुपारीच घरी गेलो. रिम बसवलेल्याही मी पाहिल्या नाहीत. सकाळी फोटो काढणार होतो, ते राहिलेच."

"ती गाडी तू कधी चालवलीस?"

"छे! भावजी स्टिअरिंगला हात लावू देतील तर ना."

मी किल्ली त्याच्या हातात दिली. "फोटो उद्या काढ. आज उजेड गेला. नुसती आत घेऊन ठेव."

माझी गाडी मी आधीच रस्त्यावर काढून ठेवली होती. ती लावायची जागा म्हणजे तीन बाजूंनी भिंती आणि वर छत. बाजूने जेमतेम माणूस जाईल. कॅमेरा लावायला तिथे जागा नाही. तो माझ्याशी बोलत बोलतच स्टिअरिंगमागे बसला, ताई रात्री कशी दचकून उठते ते सांगत गाडी उलटी आत घातली, ब्रेक दाबला. आणि इंजिन बंद करायच्या आधी, माझ्याकडे बघत, वाक्य न तोडता, त्याने स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवलं.

उतरला, दार लावलं, किल्ली माझ्यापुढे धरली.

मी किल्ली घेतली नाही. मी खाली चाकांकडे बघत होतो. त्यानेही बघितलं.

"काय झालं?" तो म्हणाला.

"मिस्त्रीची गाडी अशीच उभी आहे. पोलिसांच्या फोटोतही तशीच आहे."

६

तो आधी हसला. मग म्हणाला, चाकं काय, कोणीही वळवील. मी त्याला एकेक करून सांगितलं. मिस्त्री गाडी कधी वाकडी लावत नसे. रंगारी त्याचाच चेला, तोही नाही. दातवाल्याला कुठे वळवायचं तेच कळत नाही. संध्याकाळी गाडी बाहेर होती आणि सकाळपर्यंत तिला कोणी हात लावायचा नव्हता. शटरची किल्ली तिघांकडेच. आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्री ज्याचं नाव लिहिणार होता, ज्याच्या हातात गाडीची सगळी माहिती आणि मीटर होतं, तो एकच.

"तू दुपारी गेलास, पण परत आलास," मी म्हणालो. "गॅरेजसमोर पेट्रोल पंप आहे. त्यांचा कॅमेरा अजून कोणी बघितलेला नाही, कारण कोणाला गरज वाटली नाही. उद्या वाटेल."

तो बायकोच्या गाडीच्या बॉनेटवर टेकला.

"एका गाडीचं केलं होतं, काका. मग दुसरीचं. सगळेच करतात."

"मिस्त्री करत नव्हता."

"नव्हते करत. शिव्या मात्र त्यांना पडत होत्या. मी म्हणालो, भावजी, थोडे दिवस सहन करा, लोक विसरतात. ते म्हणाले, मी चोर म्हणून मरणार नाही. तू तुझ्या ताईला आज सांग, मी उद्या जगाला सांगतो." त्याने तोंड पुसलं. "मी मनवायलाच आलो होतो. खरंच. कॉफी केली. त्यांच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून मीच आणायचो, त्या दिवशीच्याही खिशात होत्या. ते झोपले. वाटलं, झोपू दे, तोवर काहीतरी सुचेल. मग वाटलं, हे उठले की संपलं सगळं. किल्ली त्यांच्या खिशात होती. गाडी आत घेतली..."

पुढचं मला ऐकायचं नव्हतं.

तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताईला काय सांगणार?"

"आई गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो, काका. ताईने वाढवलं मला. लग्नातच भावजींना सांगितलं होतं तिने, हा माझ्याबरोबर येणार. तिला आता माझ्याशिवाय कोण आहे? तुम्ही तिला खरं सांगितलंत तर तिचं कोणीच उरणार नाही. नाही सांगितलंत तर निदान मी असेन. विचार करा. तुम्हाला तर माहीत आहे एकटं राहणं काय असतं."

मला माहीत होतं. म्हणून मी तिथे उभ्या उभ्या खरोखरच विचार केला. ती जेवत नाही, तर हळूहळू जेवेल. भाऊ घरात असेल, दार उघडायला कोणी असेल. पण रोज उठून ती त्याच एका प्रश्नापाशी येईल, आणि उत्तर त्याच घरात, तिच्या हातचं जेवत बसलेलं असेल. माझ्या बायकोला आजाराने नेलं. ती मला सोडून गेली नाही, तिला जावं लागलं, हे मला ठाऊक आहे. या एका गोष्टीवर मी दिवस काढतो. ती गोष्ट मी दुसऱ्याच्या बायकोपासून लपवू शकत नव्हतो.

"चल," मी म्हणालो. "तू सांग, नाहीतर मी सांगतो."

तो पळाला असता तर मी अडवू शकलो नसतो. पण तो माझ्या गाडीत येऊन बसला. कदाचित त्यालाही कुठे जायचं ते सुचलं नसेल.

७

घरासमोर पोचल्यावर तो उतरला नाही. "तुम्ही जा," एवढंच म्हणाला.

ती खिडकीपाशी बसली होती. मी उभ्यानेच सांगितलं. आडवळणाने सांगायला मला येत नाही.

"वहिनी, मिस्त्री तुम्हाला सोडून गेला नाही. त्याने काही केलं नाही. त्याला मारलं."

तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. मला वाटलं, किंचाळेल. पण हातांच्या मागे ती श्वास घेत होती, पाण्याखालून वर आलेल्या माणसासारखा, मोठा, पुन्हा पुन्हा. मग तिने हात खाली घेतले. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला सुख म्हणता येणार नाही, पण मला दुसरा शब्द सापडत नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी म्हणत होते. कोणी ऐकलं नाही. माझा नवरा मला न सांगता कुठे जाणार नाही हो!" ती रडली, आणि रडता रडता मिस्त्रीला शिव्याही घातल्या, एवढे दिवस तिला जाळल्याबद्दल. मी थांबलो. तेवढा वेळ तिचा होता.

मग तिने डोळे पुसून विचारलं, "कोण?"

मी खिडकीबाहेर बघितलं. तीही बघू लागली. माझी गाडी रस्त्यापलीकडे होती. तो आत बसलेला, डोकं खाली.

"त्याला का बाहेर बसवलंय? आत बोलवा की," ती म्हणाली. आणि मग तिने माझ्याकडे बघितलं.

मला तोंड उघडावं लागलं नाही.

मी म्हणालो, "फौजदाराला मी कळवतो. तुम्ही बसा."

"नाही," ती म्हणाली. "माझा नवरा आहे. मी करते."

तिने नंबर मागितला, लावला आणि फोन स्पीकरवर टाकून समोर ठेवला. पलीकडच्या हवालदाराला तिने व्यवस्थित, एकामागून एक सांगितलं. तो लिहून घेत होता. मधे मधे थांबवत होता.

"मयताशी तुमचं नातं?"

"नवरा."

"आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो? तुमच्या ओळखीचा?"

ती खिडकीबाहेर बघत होती. गाडीतल्या माणसाने मान वर केली होती. एवढ्या अंतरावरून त्याला काही ऐकू जात नव्हतं.

"बाई? ओळखीचा आहे का?"

"मी वाढवलाय त्याला," ती म्हणाली. "लिहा. भाऊ."